सहा महिन्यांचा टीबी

खोटं बोलण्यात आम्हा सिस्टर लोकांचा हात कोणी धरणार नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल", "उद्या सोडतील", "डॉक्टर निघालेत, पोचतीलच". नवी मुंबईतल्या एका छोट्या रुग्णालयात मी ही भाषा इतकी वर्षं बोलले, की घरीही तोंडात तीच येते.

तळोज्याच्या केमिकल कंपनीत हयात घालवलेले एक आजोबा माझ्या वॉर्डात आले. खाडीकाठच्या गावातले, आगरी. फुप्फुसाचा कॅन्सर, तोही पार पसरलेला. मुलाने मला जिन्यात गाठलं. "सिस्टर, कॅन्सर ऐकलं तर बाबा हायच खातील. टीबी सांगा ना. टीबी बरा होतो, त्यांना माहितीय." अशी विनंती अधूनमधून येतेच. डॉक्टर म्हणाले, "घरच्यांची इच्छा असेल तर राहू दे." मी आजोबांना सांगितलं, टीबी आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या. व्हिटॅमिनच्याच गोळ्या, पण ते वेळेवर मागून घ्यायचे.

आठवड्याभरात वरच्याच मजल्यावर त्यांची सून बाळंत झाली. मुलगी, घरातलं पहिलं नातवंड. मी पेढा घेऊन खाली आले. "चला आजोबा, व्हीलचेअर आणते, नातीला बघून येऊ."

त्यांनी घाईघाईने मास्क वर ओढला. "नको, नको. कवल्या पोरीला माझा टीबी लागंल. सा म्हैन्यांनी घेईन ना, तवर बसाया लागंल ती."

मी चपापले. हा विचार मुलानेही केला नव्हता आणि मीही नाही. तुमचा टीबी पसरणारा नाही, असं म्हणून पाहिलं. त्यांनी मलाच समजावलं, शेजारचं एक पोर असंच गेलं होतं म्हणे. शिवाय सुनेच्या माहेरी टीबीचं कळता कामा नये, अशी त्यांची मुलाला ताकीद. मुलाने बायकोला छातीत पाणी झालंय एवढंच सांगितलेलं, ओल्या बाळंतिणीला टेन्शन नको म्हणून. मी त्याला म्हटलं, आता खरं सांगून टाक. "दोन दिवस थांबा," म्हणाला. मी थांबले. आजोबांकडे सहा महिने सोडा, सहा आठवडेही नाहीत, हे ठाऊक असून थांबले. त्याची मला अजून लाज वाटते.

डिस्चार्ज मिळाल्यावर सून बाळाला घेऊन त्यांच्या खाटेपाशी आली. तोपर्यंत त्यांचं बोलणं बंद झालं होतं. तिने बाळ पुढे केलं. त्यांनी होता नव्हता तेवढा जीव एकवटून तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हातानेच, लांब जा, अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

मुलगा कागदांवर सह्या करायला गेला, तेव्हा सून माझ्याजवळ आली. "सिस्टर, एक विचारू? मुलगी झाली म्हणून बाबांनी तोंड फिरवलं ना?"

मी तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. कॅन्सर, टीबी, सहा महिने. काही म्हणजे काही लपवलं नाही. तिने बाळाचं दुपटं नीट करत शांतपणे ऐकून घेतलं.

"राहू दे सिस्टर," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून किती बोलाल."