पत्रकातली उशी

हे छापायला देण्याआधी ताईला वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं खोडली, ती काढली आहेत. मागच्या वेळी मी विचारलं नव्हतं, म्हणून हे आधीच सांगते.

मी पेणची. एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते: धाटावच्या कारखान्यांचा वास, सांडपाणी, ठेक्यावरच्या कामगारांना न मिळणारे हातमोजे. रोह्यात स्टेशनजवळ हार्डवेअरच्या दुकानाच्या वर कोवर्किंगची जागा आहे, तिथे माझं एक टेबल. शेजारी ही ताई. मुंबईच्या एका इस्पितळातले डॉक्टर पेशंटबद्दल बोलून पाठवतात, ती हेडफोन लावून ते टाइप करते. पलीकडे चाचा, आखातात जाणाऱ्यांचे फॉर्म भरतात.

दीड वाजता सगळे डबे मधल्या लांब टेबलावर. पहिल्या दिवशी मी लॅपटॉपसमोरच खायला लागले, तर ताई म्हणाली, "काय गो, आमच्याशी वैर हाय काय तुझं? ये हिकडे." चाचांची सुकट आधी संपायची आणि मग घराघरातलं निघायचं.

एका दुपारी ताई सहज बोलून गेली, "ह्यांची उशी किती पण धुवा, पिवळीच. घामच पिवळा येतो. आता वेगळी ठेवलेय." नवरा धाटावला रंगाच्या कारखान्यात, ठेक्यावर.

"लिंबू लाव, लिंबू," चाचा म्हणाले. सगळे हसले, तीही हसली. मी डबा तसाच ठेवून माझ्या टेबलाशी गेले आणि ते लिहून घेतलं.

संघटनेत मला शिकवलंच होतं तसं. आकडे वाचून कुणी पेटत नाही, घर दाखवा. मथळा दिला, "धाटावची उशी पिवळी का?" नाव घातलं नाही. मोठी सचोटीची ना मी! पण माणूस खरा वाटावा म्हणून त्याच्या मुलांबद्दलची एक खूण घातली. ती इथे पुन्हा लिहिणार नाही. त्या खुणेचा बाप कारखान्यात एकच होता. पत्रकं मी स्वतः गेटवर वाटली, सकाळच्या शिफ्टला, कोलाडकडून येणाऱ्या एकेका मोटारसायकलवाल्याच्या हातात.

आठवड्यात ठेकेदाराने ताईच्या नवऱ्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नको, लागलं तर फोन करतो. फोन आला नाही.

हे मला चाचांकडून कळलं. मी तडक ताईच्या टेबलाशी गेले. "ताई, गेटवर बसू या. मी उद्याच पत्रक काढते. त्यांना परत घ्यावंच लागेल." खरं सांगते, तोवर मला अपराधी वाटलंच नव्हतं. संताप आला होता, आणि तो सोयीचा होता.

तिने हेडफोन काढून गळ्यात घेतला.

"अजून एक पत्रक? आता काय छापशील, माझी चादर?"

"ताई, मी नाव कुठे..."

"ह्या कानांत दिवसभर लोकांची दुखणी असतात. कुणाला मूल होत नाय, कुणाला गाठ आलेय. रोह्यातले पण असतात त्यात. दोन वर्षं तुझ्यासोबत जेवते. एक तरी गोष्ट सांगितली तुला?"

नव्हती.

"पण मी खोटं काय लिहिलं?" हे मी म्हणाले. तिच्यासमोर उभी राहून म्हणाले.

"खोटं कोण म्हणतंय? खरं होतं, पण आमच्या घरातलं होतं. गेटवर न्यायचं का नाय, ते आम्ही दोघांनी ठरवलं असतं."

"मग मी आता काय करू?"

"गप बसता येतं काय तुला? बघ जमतं का." तिने हेडफोन परत चढवला.

नवरा आता काय करतो, ते खोडलेल्या वाक्यांत होतं.

ताईने टेबल बदललं नाही. डबा तिथेच उघडते, मलाही भाजी वाढते. मला वाटलं, निवळलं असेल. पण परवा चाचा दुबईतल्या मुलाबद्दल सांगायला लागले, "तिकडे त्याचा शेठ त्याला..." आणि त्यांची नजर माझ्याकडे गेली. बाटली उचलून ते दोन घोट पाणी प्यायले.

"बिरडं झकास झालंय हां आज," ते म्हणाले.

सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं.