शेवटचं रीळ आधी

श्रावणला टॉकीजमधून हाकललं त्याला जमाना झाला, तरी आष्टीत लोक त्याला अजून ऑपरेटरच म्हणतात. का हाकललं, म्हणाल तर गावात दहा कहाण्या मिळतील. खरी माझी, कारण त्या खेळाला मी, इथल्या शाळेतला मास्तर, बाल्कनीत बसलो होतो.

बाजाराच्या दिवशी साडेतीनचा खेळ म्हणजे खेड्यातल्या लोकांचा. माल खपला की ते तिकीट काढत. पण खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी सहाला, आणि पिक्चर सुटे सव्वासहाला. सहाला दहा कमी असताना अर्धं टॉकीज रिकाम्या टोपल्या उचलून उठे. मिरच्या विकणारी मीराबाई तर दारात थबकून मागे बघत राहायची. खेळ पाव तास अलीकडे घ्या, म्हणून श्रावणने मालकांना, वासुदेवरावांना, कितीदा विनवलं.

"तिकीट काढलं, बसले. शेवटाशी मले काय करायचं हाय?" हे त्यांचं उत्तर. मला तर ऐकूनच संताप यायचा.

२००३च्या उन्हाळ्यात दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला सुपरहिरोचा पिक्चर लागला. हिरो काळात मागे जातो आणि भलत्याच दुनियेत पोचतो. तिथे त्याचा मेलेला भाऊ जिवंत असतो. पण हिरो तिथे थांबला तर आपली दुनिया बुडणार. तो थांबतो की परततो, ते शेवटच्या रिळात.

पुढच्या बाजाराला मीराबाई प्रोजेक्टरच्या केबिनच्या पायऱ्यांशी आली. "श्रावणभाऊ, तो भावापाशी राह्यला का वापस आला? आठ दिस झाले, डोक्यातून जाऊन नाई राह्यलं."

श्रावण दोन पायऱ्या चढला आणि वळला. "आज पाह्यजो, बाई," एवढंच म्हणाला.

खेळ सुरू करायला टॉकीजमधले दिवे मालवले. पडद्यावर एकदम फाटक्या पोशाखातला हिरो, निरोप घेताना भावाच्या गळ्यात पडून रडणारा. शेवटचं रीळ! पुढच्या रांगांतून शिट्ट्या सुटल्या. वासुदेवराव धापा टाकत केबिनवर गेले. दाराला आतून कडी.

"श्राव्या, उलटं काऊन लावलं? बंद कर!"

आतून आवाज आला, सगळ्या बाल्कनीला ऐकू जाईल असा: "हिरो मागं जाऊन राह्यला तं चालते, मालक. मंग रीळ पुढं आलं तं काऊन नाई चालत? बाजारवाल्यायचा शेवट हाय हा. पिक्चर सुटल्याबिगर कडी निंघत नाई."

मग पहिल्या रिळापासून सगळं ओळीने चाललं. वेळ झाली तसे लोक उठले. मीराबाईने टोपली डोक्यावर घेतली आणि मागे न बघता दाराबाहेर पडली.

खेळ सुटल्यावर वासुदेवराव म्हणाले, "माफी माग, ठेवतो."

"मांगतो. मीराबाईची मांगतो, वीस वर्षं अर्धे पिक्चर दाखवले म्हणून." केबिनची चावी टेबलावर ठेवून श्रावण निघाला.

आता तो बसस्टँडमागे पंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. परवा मी त्याला चिडवलं, "त्या पिक्चरसारखी दुसरी एखादी दुनिया असेल, तर तिथे तू अजून ऑपरेटरच असशील, श्रावण."

"असन ना, गुरुजी," तो मान वर न करता म्हणाला. "पण तिथली मीराबाई अजून दारात थांबून मागं पाहून राह्यली असन. मले नाई पायजे थे नोकरी."