गुरम्माअक्कांचं लायसन

त्या दिवशी आमच्या गल्लीला नळ आला होता. लातुरात नळाच्या दिवशी घरातल्या बाईनं दुसरं काही ठरवू नये. आधी टाकी, मग ड्रम, मग हंडे, आणि पाणी अजून येतच असेल तर पिठाचे रिकामे डबेसुद्धा भरून ठेवायचे. मी एका हातात पाइप धरून दुसऱ्या हातानं गॅसवरचं दूध सांभाळत होते. मिस्टर सकाळच्या कॉलेजला गेलेले. तेवढ्यात दार वाजलं. बेल आहे आमच्याकडे, पण कुणीतरी मुठीनं ठोकत होतं.

दारात समोरच्या घरातले शिवशंकर अप्पा उभे. गंजगोलाईत त्यांचं तूरडाळीचं दुकान आहे. कपाळावरची विभूती अजून ओलीच होती, म्हणजे पूजेतून उठून आले होते. वीस वर्षांचा शेजार, पण घरात पुरुषमाणूस नसताना अप्पा कधी माझ्या उंबऱ्याशी आले नव्हते. हातात स्पीड पोस्टचं पाकीट होतं, फोडलेलं.

“वहिनी,” ते म्हणाले, “ह्याच्यावर पत्ता तुमचा हाय आन् नाव आमच्या घरातलं. हे काय हाय?”

मी पाकिटाकडे पाहिलं. आत काय होतं ते मला माहीत होतं. गुरम्माअक्कांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मोटार चालवायचं लायसन.

पत्ता माझाच होता. तो द्यायला मीच सांगितलं होतं. पण आमचे पोस्टमन धम्मानंद पंधरा वर्षांपासून ह्या गल्लीत येतात आणि ते घराचा नंबर वाचतच नाहीत. नाव वाचतात. ‘गुरम्मा शिवशंकर’ वाचलं, आणि फॉर्म भरणाऱ्या पोरांनी नंबर चुकवला असेल म्हणून चांगुलपणानं नेऊन अप्पांच्या हातात दिलं. नवा पोस्टमन असता तर पाकीट बिनबोभाट माझ्याकडे आलं असतं. जुन्या माणसाच्या आपलेपणाचा असा फटका कधी बसेल असं आम्हा दोघींच्या मनातही आलं नव्हतं.

“आत या अप्पा,” मी म्हणाले.

ते आत आले, पण बसले नाहीत.

अक्कांबद्दल इथं सांगायला हवं. अक्का देगलूरच्या. माहेरी कानडी, तेलुगू, मराठी असं सगळंच बोललं जायचं, त्यामुळे बाजारात भाजीवाली कुठल्याही मुलखाची असो, अक्का तिच्याच भाषेत घासाघीस करतात. लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी राजशेखर, त्यांचा एकुलता एक, दीड वर्षाचा होता. गल्लीतल्या बायकांनी भाकरी थापल्या आणि त्या पोचवायला जीप निघाली, तेव्हा पोराला सासूकडे देऊन अक्का पुढच्या सीटवर चढून बसल्या. “भाकरी वाटायला कोणतरी बाई पाहिजे का नको?” एवढंच म्हणाल्या. पुढं कधीतरी मला म्हणाल्या, “उज्वला, त्या जीपवाल्याचा डावा पाय काय करायलाय ते मी जाता-येता बघायलते. खाली एवढं दुःख, आन् माझं ध्यान त्याच्या पायाकडं. लई लाज वाटली बघ.”

त्यानंतर पुष्कळ वर्षं त्यांनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही. त्याआधी नव्वदच्या दशकात दीड वर्षं अक्कांकडे एक लुना होती, ती अप्पांनी विकली. घरात पुढं जीप आली, मग मोटार आली. अक्का डाव्या बाजूला बसत आल्या.

राजशेखर आता ऑस्ट्रेलियात आहे. मेलबर्नपासून दीड-दोन तासांवरच्या एका लहान गावात घर. तो खाणीवर कामाला, दोन आठवडे तिकडंच आणि एक आठवडा घरी. सून मंजुश्री दवाखान्यात नर्स, ती घरातली गाडी घेऊन जाते. मागच्या वर्षी अप्पा-अक्का पाच महिने नातीला सांभाळायला गेले, तेव्हा राजूनं त्यांच्यासाठी भाड्यानं गाडी घेतली. ती चालवायला फक्त अप्पांचं नाव. दुकानापासून घर चौदा किलोमीटर, मध्ये शेतं आणि कुंपणं, बस नाही, रिक्षा नाही.

एका दुपारी दोघं नातीला मागच्या सीटवर बांधून सामान आणायला निघाले. अप्पांना मधुमेह, अर्ध्या वाटेत त्यांची साखर एकदम उतरली. त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. चेहऱ्यावर घाम, बोलणं अडखळलेलं. फोनला रेंज नाही. अक्कांनी नातीच्या बाटलीतलं दूध त्यांना घोटघोट पाजलं. मग लेकरू भुकेनं रडायला लागलं. अक्का मधेच रस्त्यावर येऊन पदर हलवायच्या, पुन्हा आत येऊन अप्पांचे गाल थोपटायच्या. शेवटी दुधाचा एक टँकर थांबला. त्यातून उतरली एक बाई, पिकल्या केसांची, अक्कांच्याच वयाची. तिनं अप्पांना गोड रस पाजला, त्यांना मागं निजवलं, आपला टँकर तिथंच सोडून ह्यांची गाडी चालवत ह्यांना घरी आणलं.

तरतरी आल्यावर अप्पा पहिलं वाक्य बोलले ते असं: “राजूला सांगायचं न्हाई.”

अक्कांनी सांगितलं नाही. सुनेलाही नाही. इथं परतल्यावर एकदा माझ्याकडे शेंगा सोलता सोलता त्यांनी मला सांगितलं आणि मग म्हणाल्या, “त्या बाईला कोण शिकवलं असंल गं?”

मग नांदेड ठरलं. माझं माहेर नांदेडचं. माझी वहिनी ज्यांच्याकडे शिकली होती त्या शिवकन्या मॅडम बायकांना उमरीच्या रस्त्याला नेऊन गाडी शिकवतात. अप्पांना सांगितलं, गुडघ्यांचं पंचकर्म आहे, महिना-दीड महिना लागेल. अक्का माझ्या वहिनीकडे राहिल्या. पहिले आठ दिवस गाडी सुरू झाली की त्या ‘शिव शिव’ म्हणायच्या. पंधराव्या दिवशी उसाच्या दोन ट्रॉल्यांना मागं टाकून गेल्या म्हणून मॅडमचा मला फोन आला. कौतुक होतं की तक्रार, मला नीट कळलं नाही. मग लातूरला परीक्षा, दोन वेळा नापास, तिसऱ्यांदा पास.

आणि मागच्या रविवारी सगळ्यावर पाणी पडलं. पुढच्या महिन्यात दोघं सहा महिन्यांसाठी पुन्हा जाणार. राजूनं फोनवर समजावून सांगितलं: भाड्यानं गाडी देणारे लोक लायसनला वर्ष झाल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत, आणि ज्याचं नाव लिहिलं त्यानंच चालवायची. विकत घेतली तर तसं नाही, विम्यात ज्याचं नाव घालू तो चालवेल, नवशिका असेल तर पैसे थोडे जास्त. ओळखीतल्या एका माणसाची जुनी गाडी मिळत होती. पण सहा महिन्यांसाठी विकत घ्या, मग विकत बसा, त्यापेक्षा भाड्याचीच बरी, असं बाप-लेकाचं ठरत आलं होतं. अक्का शेजारी बसून ऐकत होत्या. लायसन अजून यायचंच होतं, आणि भाड्याची गाडी आली तर ते आलं काय अन् न आलं काय. पुन्हा अप्पा चालवणार, पुन्हा नात मागं. गाडीवाल्याला आज होय-नाही कळवायचं होतं.

आणि आजच अप्पा माझ्या घरात पाकीट घेऊन उभे होते.

“सांगा वहिनी. तुम्हाला माहीत हाय का न्हाई?”

“माहीत आहे,” मी म्हणाले. खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात अक्काच आल्या. ओले हात, कडेला खोचलेला पदर, त्यांच्याही घरी नळ चालू होता. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं.

“आलं का?” त्या म्हणाल्या.

“आलं का म्हणून इचारायली बघा,” अप्पा मला म्हणाले. “नांदेडला गुडघ्याचा इलाज करायला गेल्ती. मी रोज फोनवर इचारायचो, गुडघा कसा हाय. ही म्हणायची, मोकळा व्हायलाय.”

“मोकळाच व्हायलता. क्लच दाबून दाबून.”

एरवी मी हसले असते. अप्पांच्या मानेची शीर उडत होती.

“मी मेलोय का?” ते म्हणाले. “चाळीस वर्षं चालवायलोय. टेम्पो चालवला, जीप चालवली, तिकडं बी चालवली. एक ओरखडा न्हाई. आन् बाजारात लोक काय म्हणतील? अप्पाचं काय खरं न्हाई, बायकोच्या हातात गाडी दिली.”

“बाजार कुठं हाय तिथं? तिथं तर कांगारू हायेत.”

“चेष्टा करू नको. सहा महिन्यासाठी गाडी इकत घ्यायची कामून? आज गाडी घेतली, उद्या फ्रीज घेतील, परवा म्हणतील दुकान इका आन् इथंच राहा. भाड्याची असली की येताना किल्ली दिली, मोकळं. मला तिथं मुळं फुटू द्यायची न्हाईत.”

हे मात्र अप्पांनी मनापासून सांगितलं. मला ते पटलंही. म्हाताऱ्या माणसाला परक्या मुलखात आपली म्हणून एक वस्तू घ्यायची भीती वाटते, आणि ती भीती काही खोटी नसते.

अक्का दोन पावलं पुढं आल्या. आवाज अजिबात चढला नव्हता.

“मुळाचं मंग बघू. त्या दिवशी तुम्ही किल्ली माझ्या हातात दिली. ध्यानात हाय का? ‘घे’ म्हणले आन् डोळे मिटले. मला ती कुठं घालायची आन् कुठं फिरवायची ते बी माहीत न्हवतं. मागं लेकरू रडायलंय. एक तास दहा मिनिटं. मी घड्याळ बघायलते, कारण दुसरं काय बघावं ते कळत न्हवतं. तुमच्या नाकापुढं सारखा हात धरायचे, श्वास हाय का न्हाई.”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत आहे हे त्यांना त्याच क्षणी समजलं. मी मान फिरवली. मागं अंगणात टाकी भरून वाहत होती. लातुरात वाहत्या नळाकडे बघत कुणी उभं राहत नाही, पण त्या दिवशी मला जाऊन चावी बंद करणं जमलं नाही.

“लेकाला सांगितलंस?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलात ना. आज बी सांगणार न्हाई. पण मी पुन्हा तसं बसणार बी न्हाई. भाड्याची आली तर मी नातीला घेऊन त्या गाडीत चढणार न्हाई. तुम्हाला बी चढू देणार न्हाई.”

“म्हणजे सहा महिने घरात कोंडून घेणार?”

“हाव.”

अप्पा काहीतरी बोलणार होते, पण अक्कांच्या कंबरेला खोचलेला फोन वाजला. राजू. तिकडं दुपार झाली होती, जेवणाच्या सुट्टीत उभ्या-उभ्या बोलत होता, डोक्यावर पिवळी टोपी. अक्कांनी फोन उचलला आणि अप्पांच्या हातात दिला.

“अप्पा, त्या गाडीवाल्याला काय सांगू?” राजू घाईत होता. “नको म्हणून कळवतो, आन् मागच्यासारखी भाड्याची सांगून ठेवतो. तुमचं नाव घालतो. तुम्ही चालवताल ना?”

राजूनं लहानपणापासून बापाला स्टिअरिंगमागंच पाहिलं होतं. तो ‘चालवताल ना’ म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात प्रश्न नव्हता. अप्पांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात लायसन. अक्कांचा फोटो नेहमीसारखाच वाईट आला होता, डोळे मोठे, जणू कुणीतरी रागावलंय. अप्पा त्या फोटोकडे बघत राहिले.

“अप्पा? ऐकू यायलंय का?”

“यायलंय,” अप्पा म्हणाले. “तुझ्या अव्वाला इचार.”

त्यांनी फोन अक्कांकडे दिला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या स्टुलावर जाऊन बसले. लायसन अजून हातातच होतं.

“अव्वा, काय झालंय? कुणाची तब्येत?” राजूचा आवाज बदलला. “अप्पा असं का बोलायलेत? खरं सांग.”

अक्कांनी एकदा स्टुलाकडे पाहिलं. अप्पा खाली फरशीकडे बघत होते.

“कुणाला काय झालं न्हाई रे,” अक्का म्हणाल्या. “आम्ही दोघं बरे हाव. माझं एवढंच म्हणणं हाय, राजू. ती जुनी गाडी इकत घे, आन् चालवणाऱ्यात माझं नाव घाल.”