आठ बत्त्यांची साक्ष

हे सिद्धेश्वरा, शिव आणि शक्ती एका देहात नांदवणाऱ्या महादेवा, तुझ्या पायी मस्तक ठेवून तुझ्याच एका लेकराची कथा सांगायला बसलो आहे. ते लेकरू तुला निराळ्या नावाने हाक मारते. ती हाक तुझ्यापर्यंत पोचते, याविषयी मला शंका नाही. माझ्या वाणीला खरे बोलण्याचे बळ दे, कारण खरे बोलायला किती बळ लागते हेच मला सांगायचे आहे.

त्यांचे नाव नजीरभाई. लातूरला गंजगोलाईमागच्या गल्लीत त्यांचे छोटेसे दुकान आहे. तरुणपणी ते घरोघरी टीव्हीची केबल ओढीत. पुढे कचेऱ्यांत संगणक आले, तेव्हा संगणकांच्या वायरी ओढू लागले. हे काम त्यांना कोणी शिकवले नाही. वायर सोलली, आतले आठ धागे पाहिले, आणि हात बसवला. नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. प्रत्येक रंगासोबत त्याचा पांढरट सोबती. नजीरभाई प्रत्येकाला आपापल्या सोबत्याशेजारी नीट ओळीने बसवीत, दोन्ही टोके सारखी करीत, मग तपासणीची डबी लावीत. डबीवरच्या आठ बत्त्या एकामागून एक उजळल्या की म्हणत, “वायर चोख हाय.” लातुरात, अहमदपुरात, मुरुडात या शब्दापुढे कोणी दुसरा शब्द काढीत नसे.

शहरातल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात पंचशीलाताई काम करतात. लोकांच्या घरातून काही दिवसांच्या बोलीवर आणलेल्या हस्तलिखित पोथ्यांची पानोपान छायाचित्रे घ्यायची आणि ती मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर, म्हणजे सगळा संग्रह सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकावर, पाठवायची. एक पान क्षणात जायला हवे. त्याला पाव तास लागू लागला. महिन्याला तीस पोथ्या व्हायच्या, त्या नऊवर आल्या. यंत्र बंद करून चालू केले, सकाळी पाठवून पाहिले, दुपारी पाठवून पाहिले, फरक पडेना. संस्थेचे चिटणीस गुंडप्पा अण्णा यांना वाटले, बाई फोनमध्ये रमतात.

शेवटी नजीरभाईंना बोलावणे गेले; सर्व्हर मागच्या खोलीत हलवला तेव्हा तिथवरची नवी लांब वायर त्यांनीच ओढली होती. त्यांनी डबी लावली. आठही बत्त्या उजळल्या. संगणकावरून एक लहानसे पत्र पाठवून पाहिले. तेही लगेच पोचले. पंचशीलाताई काही सांगू पाहत होत्या, तोवर हत्यारे पिशवीत गेली होती.

“वायर चोख हाय, अण्णा. आता माणसाचं बघा.”

त्या एका वाक्यावर निकाल झाला. पुढच्या महिन्यापासून येऊ नका, असे अण्णांनी ताईंना सांगितले. ताईंचे घर त्यांच्याच हातावर चालते.

त्या माउलीने आकांत केला नाही. तिने आपला संगणक उचलला, मागच्या खोलीत नेऊन सर्व्हरशेजारी ठेवला, आणि सर्व्हरबरोबर कारखान्यातून आलेली तयार वायर लावून तेच पान पाठवले. पापणी लवण्याआधी पान पोचले. मग तिने नजीरभाईंना फोन लावला.

“चाचा, यंत्र तेच, फाईल तीच, माणूसबी तेच. वायर तेवढी दुसरी. आता कुणाचं बघायचं?”

नजीरभाई आले ते जरा घुश्शातच. तयार वायरीचे टोक डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले की कारखानेवाल्यांनी घोळ घातलाय, हिरव्याला त्याच्या सोबत्यापासून तोडून मध्ये निळे घुसवलेत. ताईंनी वायरीच्या टोकाला बसवायच्या प्लगच्या डब्यावर छापलेला रंगांच्या क्रमाचा बारीक तक्ता पुढे केला. असे डबे नजीरभाईंनी आयुष्यात शेकड्यांनी फोडले होते. तक्ता कधी वाचला नव्हता. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. मग ते खाली फरशीवर बसले.

प्लगमधली तिसरी आणि सहावी जागा एकाच जोडीची असते. एकमेकांना वेढून असलेले दोन धागेच शेजारचा गोंगाट बाहेर ठेवून निरोप नेतात. नजीरभाईंच्या नीटनेटक्या ओळीत तिसरीवर हिरव्याचा सोबती बसे आणि सहावीवर निळा. एका जोडीतला एक टाळ एकाच्या हाती आणि दुसरा भलत्याच्या हाती गेला, तर आवाज होईल, ताल धरणार नाही. लहान पत्र निभावून जाते. लांब वायरीतून मोठे चित्र निघाले की ते वाटेत विसकटते, पुन्हा पाठवावे लागते, पुन्हा विसकटते. आणि त्या आठ बत्त्या? धागा तुटलेला नाही, एवढीच त्यांची साक्ष. कोण कोणाच्या जोडीला बसला आहे, हे त्यांना कळतच नाही.

ताई म्हणाल्या की गुपचूप टोके बदला, मी सांभाळून घेते. नजीरभाई उठले आणि सगळ्यांसमोर अण्णांच्या टेबलापाशी उभे राहिले.

“अण्णा, वायर माझी, चूक माझी, आन् ते बोलणंबी माझंच. ताईला काढू नका.”

अण्णांनी ताईंकडे न बघताच शब्द मागे घेतला. तासाभरात टोके बदलली, आणि तुंबलेली पाने संध्याकाळपर्यंत सगळी पोचली.

घरी आल्यावर नजीरभाईंनी हे सारे मलिकाभाभींना सांगितले. भाभींनी ऐकून घेतले आणि विचारले, मुरुडच्या शाळेतल्या त्या बाईचे काय झाले होते? नजीरभाईंच्या हातातला घास ताटात गेला. दोन वर्षांपूर्वी तिथेही त्यांनी वायर चोख ठरवली होती, तिथेही माणसाचे बघायला सांगितले होते, आणि प्रवेशाच्या दिवसांत महामाया नावाच्या बाईंना कार्यालयातली नोकरी सोडून जावे लागले होते.

दुसऱ्याच दिवशी ते मुरुडला गेले. टोके बदलली. मुख्याध्यापकांपुढे चूक कबूल केली आणि बाईंना तसे पत्र द्या म्हणून विनवले. मुख्याध्यापक म्हणाले, जुनी गोष्ट आहे, सोडून द्या. तेव्हा नजीरभाईंनी आपल्याच दुकानाच्या कागदावर लिहिले की दोष वायरीचा होता, या बाईंचा नव्हता. खाली सही केली, शिक्का मारला, आणि पत्ता विचारीत त्यांच्या दारी गेले.

महामायाबाईंनी दारातच कागद वाचला.

“मी म्हणले होते, वायरचं बघा म्हणून. तुमी माझ्याकडं मान वर करूनबी बघितलं न्हाई.”

नजीरभाई म्हणाले, “न्हाई बघितलं.”

दार लागले. कागद मात्र आत राहिला.

आता भाभी आठवून आठवून गावांची नावे सांगतात आणि नजीरभाई एकेका कचेरीत जाऊन आपलीच टोके कापतात. काही जण पाणी विचारतात. काही जण, इतकी वर्षे आम्हाला फसवलेस काय, असे तोंडावर विचारून दुसरा माणूस लावतात. त्यांना रात्री झोप लागत नाही, असे भाभी सांगतात.

हे दयाघना, या लेकराच्या डोळ्यांना झोप दे. त्याच्या हातांना बरकत दे. ज्या मलिकेने तो प्रश्न विचारला, तिच्या चुलीवर अन्न आणि अंगणात माणसे सदैव असोत. मुरुडच्या त्या लेकीला मानाचे काम मिळो. आणि नजीरच्या उंबऱ्यावर कोणी रागाने आले, तरी शांत होऊन परतो.