पिल्लं न होणाऱ्या माद्या

दामिनी वानखेडे मूळची खाप्याची. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत उंदरांचे पिंजरे सांभाळायला लागून तिला नऊ वर्षं झाली होती. भुसा बदलायचा, दाणापाणी करायचं, पिल्लं झाली की पाटीवर तारीख टाकायची. शेकडो पिल्लं तिच्या देखत वाढली. तिला स्वतःला मात्र लग्नाला अकरा वर्षं होऊनही मूल नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वरच्या रांगेत नव्या माद्या आल्या. धडधाकट, अंगावर तुकतुकी. नर सोडला की जोडी जमायची, पण पिल्लू एकही नाही. दामिनीनं भुसा जाड केला, पिंजरे दारापासून आत सरकवले. काही फरक पडला नाही. घरी ती सहज बोलून गेली, तर सासू जिजाबाई म्हणाल्या, "वांझेच्या हातचं पाणी पिऊन त्यायले पिल्लं होतीन का वं?"

ते तिच्या मनातून जाईना. शेवटी, त्या माद्यांवर पीएचडी करणाऱ्या अबोलीला ती म्हणाली, "मॅडम, मले दुसऱ्या खोलीत टाका. माह्या हातानं यायले पिल्लं होऊन नाही राहिले."

अबोली म्हणाली, "ताई, यांना पिल्लं होणारच नव्हती. अभ्यासासाठी आम्ही मुद्दाम तशाच मागवल्यात. पेशीच्या आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. त्याला बाहेरच्या पडद्याशी बांधून ठेवणारं एक प्रथिन यांच्या बीजांडात नाही. म्हणून बीजांड धड पिकतच नाही."

दामिनी स्टुलावर बसली.

"दोन वर्षं झाली. मले कोणी सांगतलं काहून नाही?"

"तुम्हाला माहीत असेल असं वाटलं," अबोली हळू आवाजात म्हणाली.

दामिनीनं विचारलं, "बायकायमंदी बी असं असते?"

"काहींत असू शकतं. तुमच्यात आहे की नाही, हे तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही. आणि तुमच्या मिस्टरांचीही तपासणी लागेल. त्यांची झाली होती ना?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तिनंसुद्धा.

संध्याकाळी नवरा बुटीबोरीच्या कारखान्यातून आला, तेव्हा तिनं ताट वाढायच्या आधीच सांगितलं, "शनिवारी सुट्टी घ्या. दोघंही डॉक्टरकडे जाऊ."

"मी काहून?" म्हणत त्यानं आईकडे पाहिलं. जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी तो शर्ट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चाल."