नवरदेवाची मिशी आणि नातीचा लॅपटॉप

मागच्या महिन्यात नरपडला, आमच्याच दारातल्या मांडवात, माझी फजिती झाली. आजवर एकाही वरमाईची माझ्यापुढे तोंड उघडायची टाप नव्हती... आणि मला गप्प कुणी केलं, तर घरच्याच पोरीच्या लॅपटॉपने!

लग्न माझ्या थोरल्या नातीचं, रेश्माचं. मुलगा झाईचा. आमच्यात नवरीकडच्या बायका नवऱ्याकडच्यांना गाण्यातून टोमणे मारतात, त्या उलट मारतात. जिची गाणी आधी संपली ती हरली. आमच्याकडची गाणी मी रचते, आणि मांडवात उभी राहीपर्यंत बाहेरच्या कुणाच्या कानावर पडू देत नाही.

यंदा नेमका माझा घसा बसला. उरलेल्या आवाजात मी गाणी फोनवर म्हणून ठेवली, घरातल्या पोरींनी ती पाठ करायची असं ठरलं. पण आमच्या वाडीत नेट म्हणजे देवाची मर्जी. एक गाणं पाठवलं की फोनवर नुसतं चक्र फिरत बसतं...

तेव्हा धाकटी नात प्रणाली म्हणाली, "आजी, नेट लागतंय कुणाला? मी प्रोग्राम लिहिते." ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तिने छोटा वेब सर्व्हर लिहिला म्हणे.

मला कळलं ते असं. तिचा लॅपटॉप म्हणजे बाजारात मासळीची पाटी मांडून बसलेली मी. घरच्या वायफायवर आलेला प्रत्येक फोन गिऱ्हाईक. फोनात पत्ता टाकला की गाणी मांडलेली दिसतात, मागाल ते लॅपटॉप काढून देतो. बाहेरचं नेट मेलं तरी धंदा चालू.

पण पहिल्या दिवशी तो एका वेळी एकाच फोनला गाणं द्यायचा, बाकीच्या पोरी ताटकळत. मी म्हटलं, "मी एकीला बोंबील मोजते, दुसरीशी भाव करते, तिसरीला शिव्या घालते... तुझ्या यंत्राला एवढंही जमत नाही?" पोरगी परत लॅपटॉपला भिडली. दुपारपर्यंत तो सगळ्यांना एकदम गाणी द्यायला लागला.

तिच्या बापाने, म्हणजे आमच्या नरेशने, कौतुक केलं असेल? छे! "लग्नघरात डबा उघडून बसलीय. तिला म्हणावं, जरा नारळ सोल." सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या.

माझी गाणी मात्र झकास झाली होती. नवरदेवाची मिशी पिंगट आणि विरळ, म्हणून पहिलं गाणं तिच्यावर...

नवरदेवाच्या ओठावर गं जवळा घातलाय वाळत,
झाईपासून मांजरं आली मागं मागं पळत!

दुसरं वरमाईवर. ती शेजारणीची पैठणी मागून नेसणार, ही पक्की खबर होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी झाईच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या. आमच्या नरेशने मोठेपणा दाखवत भर मांडवात वायफायचा पासवर्ड ओरडून सांगितला. पाहुण्यांची सोय हो!

दुसऱ्या दिवशी वरात आली. बघते तर काय... नवरदेव सफाचट! मिशीचा एक केस नाही. आणि मागून वरमाय, साध्या सुती पातळात, गालात हसत.

आमच्या पोरींनी तोंडं उघडली आणि तशीच मिटली. एका येडीने पाठ केलेलं गाणं तरीही रेटलं, तर झाईच्या बायका नवरदेवाचा गाल धरून विचारतात, "जवळा कुठाय गं? आम्हालाही दाखव!"

मग वरमाय माझ्यापुढे आली. त्यांच्याकडे विहिणीला गुजराती वळणाने वेवाण म्हणतात. "केम वेवाण, घसा बसला? नातीच्या लॅपटॉपवर तर पुष्कळ गाणी होती. आम्ही सगळी ऐकली. मिशीचं फार गोड आहे हं!"

मी प्रणालीकडे बघितलं. पोरीचा चेहरा उतरलेला. "आजी, काल हळदीला नवरदेवाच्या बहिणीने विचारलं, काय बनवलंयस. घरात कुणी विचारलंच नव्हतं... म्हणून उघडून दाखवलं, पत्ताही दिला."

"आणि कुलूप?"

"सर्व्हरला पासवर्ड घालायचा राहिला."

अगं, आम्ही अडाणी बायकासुद्धा पाटीवर फडकं टाकतो! चार बुकं शिकलेली पोरगी माल उघडा टाकते, तोही मांजरांसमोर!

पण आधी मांडवातलं निस्तरायचं होतं. फाटक्या आवाजात उभी राहिले आणि तोंडाला येईल ते म्हटलं...

हळद घेऊन आली वेवाण, बोलली गोड गोड,
चोरून नेली गाणी गं, जुनी तिची खोड!

हे लॅपटॉपवर नव्हतं. वेवाणीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, पण उत्तर कुणाकडेच तयार नव्हतं. शेवटी तिच्याच बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

जिंकले, तरी संताप गेलेला नाही. नरेश आता डहाणूच्या बाजारात दिसेल त्याला सांगतो, "आमच्या पोरीने सर्व्हर बनवलाय." नारळ सोल म्हणणारा हाच! ज्या कामाला घरात कुणी ढुंकून विचारलं नाही, ते परक्या पोरीने विचारलं, म्हणून प्रणाली भुलली. मग तिला एकटीला काय बोलायचं?

तिने आता कुलूप घातलंय. माझा आवाज त्यात जपून ठेवलाय, एवढं मात्र बरं केलं पोरीने.

परवा नातजावई येऊन गेले. मिशी परत आलीय... तशीच पिंगट, तशीच विरळ. वेवाण, हे वाचत असशील तर लेकाला सांग, आता कापू नकोस. गाणं मी बारशाला म्हणणार आहे.