पोळ्याची पहिली पोळी

वडील दर एकादशीला मला आळ्याला न्यायचे. तिथे रेड्याची समाधी आहे. त्याच्या मुखातून वेद बाहेर पडले, अशी आमच्या भागातली जुनी श्रद्धा. वडील समाधीवर डोकं टेकायचे आणि मी मागे उभा राहून इकडेतिकडे बघत राहायचो. देव सोडून रेड्याच्या पाया कशाला पडायचं, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नाही. वडील गेले आणि मी जायचंही सोडलं. सणासुदीला दिवा लावायचा आणि अडचण आली की देवाशी भांडायचं, एवढीच काय ती माझी भक्ती. आज उतारवयात हे लिहायला बसलो आहे, कारण सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी आहे. तीही धड आनंदाची नाही.

प्लेगाच्या साथी तेव्हा पुरत्या सरल्या नव्हत्या. आमची वस्ती आळ्याच्या पलीकडे, आण्याच्या पठाराकडे जाणाऱ्या वाटेवर. भादव्याची अमावास्या होती, म्हणजे आमच्याकडचा पोळा. आठवडाभर झड लागून राहिली होती. माझी बायको पहिलटकरीण, आदल्या दुपारपासून कळा देत होती. एकीकडे चुलीवर पोळ्या होत होत्या आणि दुसरीकडे आतल्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. सकाळी सुईण बाहेर आली, हात धुतले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “मूल आडवं हाय. माज्या हातचं न्हाई राह्यलं. जुन्नरला डाक्टराकडं न्या, लवकर न्या.”

मी गोठ्याकडे धावलो आणि आई आडवी आली. “आज जू ठेवायचं न्हाई रं. वर्सातला येक दीस त्यांचा.” आदल्या दिवशी तिनेच बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळले होते. तेवढ्यात आतून सुनेची किंकाळी आली आणि आईने स्वतःच दावं सोडायला हात घातला. बैलांच्या नैवेद्याच्या पोळ्या तिने फडक्यात बांधून बरोबर घेतल्या आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. हळदीने पिवळ्या झालेल्या खांद्यांवर मी जू ठेवलं.

आळ्याच्या अलीकडे वाट काळ्या मातीच्या रानातून जाते. तिथे गाडी रुतली. डावं चाक आधी निम्मं गेलं, मग मधल्या तुंब्यापर्यंत गेलं. बैल गुडघ्यांवर आले. मी आसूड चालवला. ज्यांना त्या दिवशी ओवाळायचं त्यांच्याच पाठीवर वळ उठवत होतो, आणि प्रत्येक हिसक्यासरशी चाक आणखी खोल जात होतं. मी शेजारच्या मळ्यात धावलो. तिथे रंगवलेल्या शिंगांची बैलजोडी उभी होती. मालक भला माणूस, हात जोडून म्हणाला, “राव, मागाल ते देतो. पर आज बैल न्हाई.” त्याचा मला राग आला नाही. गेल्या पोळ्याला कोणी माझ्याकडे आलं असतं तर मीही तेच बोललो असतो. तो बिचारा स्वतः चाकाला खांदा द्यायला आला. आम्ही दोघांनी जीव तोडून जोर लावला, पण चिखल काही चाक सोडीना. गाडीतलं कण्हणं हळू होत चाललं होतं, आणि किंकाळीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मी चिखलात बसकण मारली. देवाशी भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आम्ही सण मोडला, आता तो आमचं घर मोडतो आहे, एवढंच मनात येत होतं. अशात पावसाच्या सरींतून समोर एक काळाकभिन्न रेडा दिसला. एकटाच, संथ पावलांनी थेट गाडीकडे येत होता. गाडीत बाई अडलेली आणि समोरून रेडा! यमाचं वाहन आलं, दुसरं काय? मी ढेकूळ उचलून भिरकावलं आणि ओरडलो, “हाड! मागं फिर! न्हाई देनार मी तिला!”

ढेकूळ त्याच्या कपाळावर फुटलं. तो थांबला, पण फिरला नाही. मागून आवाज आला, “आवो पावणं, मारू नगा! माजा मोती हाय त्यो.” रेड्याच्या पाठीवर पाण्याने भरलेली चामड्याची पखाल होती, आणि मागून तिचा मालक भिजत येत होता. तो आळ्याचा लालाभाई पखाली. घरोघरी पाणी घालून पोट भरणारा. कोळशासारख्या रेड्याचं नाव मोती! दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसलो असतो.

त्याने गाडीत डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. मग मला म्हणाला, “आदी बैलं सोडा. आज त्यांचा सन हाय. माज्या मोतीला पोळा न्हाई.”

बैल सोडायचे? सकाळपासून तेवढा एकच आधार मी मुठीत धरून बसलो होतो. पण माझ्याच्याने दुसरं काही होत नव्हतं, म्हणून सोडले, आणि का कोण जाणे, एकदम हलकं वाटलं. लालाभाईने पखालीचं तोंड उघडून सगळं पाणी वाटेवर ओतून दिलं. मग ती रिकामी पखाल दुमडून चाकापुढे अंथरली. त्याची सगळी रोजीरोटी त्या कातड्यावर. मी म्हणालो, “भाऊ, चाकाची धाव लोखंडाची हाय, कातडं फाटंल.”

“कातडं शिवता येतं, पावणं,” तो म्हणाला. “जीव न्हाई शिवता येत.”

जुवाला दोर बांधून तो रेड्याच्या छातीवरून घेतला. लालाभाईने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. मोतीने मान खाली घातली आणि हिसका न देता, घाई न करता, नुसता भार टाकत राहिला. चिखलाने आवाज केला, चाक पखालीवर चढलं आणि गाडी बाहेर आली. कातडं फाटल्याचं मी ऐकलं. त्याच वेळी गाडीतून बायकोचा क्षीण आवाज आला, “आळ्याचा रेडा आला का वो?” आई हुंदका देऊन म्हणाली, “आला गं बाई, आला.” फडक्यातली पहिली पोळी काढून तिने मोतीच्या तोंडात घातली.

कठीण रस्ता लागेपर्यंत त्यानेच गाडी ओढली. पुढे माझ्या बैलांनी आम्हाला दिवेलागणीला जुन्नरला पोचवलं. डॉक्टरांनी बायकोला वाचवलं. मूल आधीच गेलेलं होतं. मुलगी होती. नदीकाठी मी तिला माती दिली, तेव्हा पुन्हा देवाशी भांडलो. द्यायचंच होतं तर अर्धं का दिलंस? त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. पण बैल सोडले तेव्हा जो हलकेपणा वाटला होता तो आठवत राहिला. हळूहळू भांडण निवलं. जे हातात राहिलं ते त्याचंच देणं होतं, आणि ते पुष्कळ होतं.

बरी झाल्यावर तिला घरी नेताना आळ्याला थांबलो. लालाभाई दारात बसून पखालीला टाके घालत होता. बायको माझा हात सोडून मोतीकडे गेली आणि तिने त्याच्या कपाळावर कपाळ टेकलं. इतक्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. त्या दिवशी ती रडली, आणि तो मुका जीव जागचा हलला नाही. मी समाधीवर गेलो, वडिलांसारखं डोकं टेकलं. काही मागितलं नाही.

पुढे देवाने आम्हाला दोन मुलगे दिले. मोती गेला, लालाभाईही गेला. पण आमच्या घरी पोळ्याला बैलांच्या ताटाआधी एक पोळी बाजूला निघते, आणि मी ती समाधीवर ठेवून येतो. पोळी फडक्यात बांधताना बायको दर वर्षी तिच्यावर आणखी एक ठेवते, अगदी लहान, तळहातात मावेल एवढी. ती कोणाची, हे मी तिला कधी विचारलं नाही.